सेबोचा वाटा
सेबो गुलाम होती, एवढं सिद्ध करायला मातियुस मास्तरांनी निवृत्तीनंतरची अकरा वर्षं घातली.

किनाऱ्यावरचे कॉफीचे व्यापारी बंदुका घेऊन माणसं न्यायला वर यायचे आणि आमचे तोराजा डोंगरातले सरदार ती मुकाट काढून द्यायचे. एका साली सेबो विकायला काढलेल्या चाळीस जणांना घेऊन कड्यातल्या गुहेत शिरली आणि सतरा दिवस वरून धोंडे लोटत राहिली. व्यापारी हात हलवत परत गेले. हा पराक्रम पुढे आताच्या सरदारांच्या पणजोबाच्या नावावर खपवला गेला. शाळेत तेच शिकवत, आणि शिकवणारे मास्तरच होते.

शोधता शोधता कळलं, सेबो त्यांचीच पणजी. गावात तिच्या वंशाची सात घरं. सगळ्यांना ठाऊक आणि सगळ्यांनी मिठाची गुळणी धरलेली, कारण गुलामाचं रक्त म्हटलं की सोयरीक मोडते. मास्तरांच्या मुलीचं, येल्सीचं लग्न तर सरदारांच्या पुतण्याशीच ठरलेलं.

तरी गुहेच्या लढाईची आठवण म्हणून गाव शिळा उभारणार, रेडा कापून घराण्यांच्या नावानं मांसाचे वाटे पुकारणार असं ठरलं, तेव्हा मास्तर हट्टाला पेटले. शिळा सेबोच्याच नावाची हवी, आणि रेड्याचा पहिला वाटा तिच्या घराण्याच्या नावानं पुकारायचा. सरदार सालुरापांनी दोन्ही मान्य केलं. पर्यटन खात्याचे साहेब येणार होते ना! पुकारलेला वाटा जो उचलतो, त्याचं घराणं चारचौघांत ठरतं. आमच्याकडे दुसरा दाखला लागत नाही.

"आधी मी उठेन, मग तुम्ही सहा घरं उठा," मास्तरांनी चुलतभावाला, सिमोनला बजावलं.

"तू ऊठ तर खरा," सिमोन म्हणाला.

शिळा उभी राहिली. मचाणावरून पुकारा झाला, "सेबोचं घराणं!" आणि मांडीचा मोठा तुकडा खाली चिखलात पडला. कोणी हललं नाही. सहाही घरं मास्तरांकडे बघत होती. मास्तर समोरच्या मांडवाकडे बघत होते. तिथे होणाऱ्या सासूशेजारी येल्सी बसली होती. तिनं बापाकडे पाहून हळूच नकारार्थी मान हलवली.

दुसरा पुकारा झाला, तिसरा झाला. जिनं चाळीस माणसं राखली, तिच्यासाठी सात घरांतून एक माणूस उठेना. लाज वाटते सांगायला. मांसावर माशा बसू लागल्या.

शेवटी सरदार उठले, अगदी सहज, हसतमुखानं.

"आमच्याकडे पाठवा तो वाटा. ती आमचीच होती."

खोटं नव्हतं. त्यांच्याच पणजोबानं तिला विकायला काढली होती. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, गावानं वाजवल्या, मास्तरांनीही वाजवल्या.

घरी जाताना येल्सीनं त्यांचा हात धरला.

"माझ्यासाठी बसून राहिलात ना, बाबा?"

मास्तर हो म्हणाले. तिनं मान हलवली नसती, तरी ते उठले नसते.