केजच्या दुकानात माझी वाटणी झाली तेव्हा

मित्रांनो, नाकं मुरडू नका! मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. अवघी चार जीबीची. तुमचा आजचा मोबाइल मला बघून फिदीफिदी हसेल. हसू दे बापडा. सन दोन हजार साली बीड जिल्ह्यातल्या केजमध्ये माझा काय थाट होता, ते त्याला काय माहीत?

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथले लोक तोंडाला फडकं बांधून काम करत, कारण धुळीचा एक कण पोटात गेला की माझा खेळ खलास. आणि नशीब बघा, मी आले ती थेट बसस्टँडजवळ, जीपगाड्यांच्या धुरळ्यात! तिथं शिवलिंगप्पांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडून त्यांची कॉलेजात जाणारी लेक वर्षाराणी लोकांचे अर्ज आणि लग्नपत्रिका टाइप करून द्यायची. त्या कॉम्प्युटरच्या पोटात मी. अप्पा रोज सकाळी मॉनिटरला उदबत्ती ओवाळायचे. लक्षात ठेवायचं मी आणि मान त्याला! मला भारी राग यायचा.

त्या पावसाळ्यात सारजाबाई दुकानात आल्या. त्या मेंढरं राखायच्या. मेंढ्यांची साठ-सत्तर दुखणी आणि त्यांवरचा झाडपाला त्यांना तोंडपाठ होता. अक्षर मात्र एकही येत नव्हतं.

"नातवंडं शाळंत गेली. मेंढरामागं कुनी येत न्हाई. माझ्यामागं ह्ये कोन सांगंल? लिव्हून घे पोरी," त्या म्हणाल्या.

तीन आठवडे त्या दुपारी स्टुलावर बसून सांगायच्या, वर्षाराणी थेट टाइप करायची आणि मी ते जिवापाड जपायचे. कागदावर मात्र एक ओळ उतरली नव्हती. प्रिंटरची रिबन संपली होती आणि नवी बीडहून यायची होती. दसरा झाला की सारजाबाई कळप घेऊन पाच महिने बाहेर पडणार होत्या. परत येऊन सगळं पुन्हा सांगायला त्यांचं वय काही थांबणार नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्षाराणीला एका मासिकाबरोबर लिनक्सची, म्हणजे विंडोजसारखाच कॉम्प्युटर चालवणाऱ्या दुसऱ्या प्रणालीची, सीडी फुकट मिळाली. तिचा आनंद गगनात मावेना. "अप्पा, विंडोज पण राहील आणि लिनक्स पण. फक्त डिस्कचे दोन वाटे करायचे!"

वाटे म्हटल्यावर अप्पा गल्ला सोडून उठलेच. गावातल्या किती वाटण्यांना ते पंच म्हणून बसलेले. "थोरल्यानं वाटे पाडायचे अन् धाकट्यानं आदी उचलायचा. रीतच हाय. तुझं लिनक्स धाकटं, त्याला पहिला वाटा दे."

पोरीलाही ते पटलं. तिनं पडद्यावर जुना एकच वाटा खोडला, नवे दोन आखले आणि पहिला लिनक्सच्या नावावर केला. अगं बाई! सारजाबाईंचं सगळं सांगणं त्या पहिल्या वाट्याच्या जागेतच होतं की! मित्रांनो, मला ओरडता येत नाही हो. मी फक्त गुरगुरते, आणि त्या गुरगुरण्याची सगळ्यांना सवय झालेली. पडद्यावर प्रश्न आला, हे पक्कं लिहू का? एक बटण दाबलं की संपलं.

तेवढ्यात सारजाबाई निरोप घ्यायला आल्या. "काय चाललंय?"

"वाटणी!" अप्पा ऐटीत म्हणाले.

"आन् तितं ऱ्हातंय कोन? मी सांगितल्यालं कंच्या वाट्यात हाय?"

वर्षाराणीचा हात वरच्या वर थांबला. "पहिल्याच. आजी, सगळं पुसलं असतं वो!" आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"पुसलं न्हाई ना आजून? मंग रडतीस कावून?" म्हातारी हसली. "आमी मेंढवाड्यात मधी जाळी लावायची म्हनलं की आदी मेंढरं एका अंगाला घेतो. पांगल्याली आसताना लावली तर तंगड्या मोडतील की."

वर्षाराणीनं काहीच पक्कं न करता तो प्रोग्रॅम बंद केला आणि मासिकाचं शेवटचं पान उघडलं. बारीक अक्षरात तिथं तेच लिहिलेलं! आधी सगळी माहिती एका बाजूला गोळा करायची, मग उरलेली रिकामी जागा तोडायची. दोन तास मी कण्हत-कुंथत एकेक दुखणं, एकेक पाला अलीकडं आणला. सारजाबाईंनी तोवर तिथंच बसून गावाकडच्या तीन जीपगाड्या जाऊ दिल्या. मग पलीकडच्या रिकाम्या जागेत लिनक्स आलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बघून अप्पा म्हणाले, "एवढंच? चित्र कुठंय गं?" वर्षाराणी मात्र टाळ्या पिटत होती.

पुढं चार वर्षांनी मी टकटक करू लागले आणि एक दिवस कायमची बंद पडले. माझ्यातलं सगळं गेलं. पण वर्षाराणीनं त्या दिवसानंतर सारजाबाईंचं सांगणं तीन ठिकाणी उतरवून ठेवलं होतं. म्हणून मित्रांनो, मला जपा अशी गयावया मी करणार नाही. उलट बजावून सांगते, माझ्या एकटीच्या भरवशावर राहू नका. आम्ही कधी ना कधी दगा देणारच. जे लाखमोलाचं आहे त्याची दुसरी प्रत आजच काढा.

आता मी दुकानातल्या माळ्यावर असते. सारजाबाई जाऊन बरीच वर्षं झाली. परवा एक तरुण मेंढपाळ धापा टाकत आला, मेंढी उठेना म्हणून. वर्षाराणीनं नवा कॉम्प्युटर उघडून सारजाबाईंचं सांगणं मोठ्यानं वाचलं, "आदी मेंढीला सावलीत घे, आन् तू बी दोन घोट पानी पी." पोरगं खरंच पाणी प्यालं, आणि मग शांतपणे पुढचं ऐकू लागलं.