ढिल्ला

धर्मेश फौजेतून कायमचा घरी आला त्याला आठ महिने झाले होते. त्याच्या तुकडीतला राजरत्न सुट्टीवर बुवापाड्यात आपल्या घरी येऊनही बारा दिवस बदलापूरला त्याच्याकडे फिरकला नाही. शेवटी मैत्रेयीच बायकोच्या हक्काने म्हणाली, "तुझा बडी ना तो? जाऊन ये की."

फौजेत बडी म्हणजे जोडीदार. एक झोपला की दुसरा जागा, एकाचं पाणी संपलं की दुसऱ्याची बाटली.

धर्मेशच्या आईने, काशीकाकूंनी, तांदळाची भाकरी आणि सुकट वाढलं. धर्मेश खुर्चीवर, एक पाय ताठ पुढे. त्याचे वडील हरिचंद्र राजरत्नच्या शेजारी जेवायला बसले.

"बाला, एक इचारू?" ते म्हणाले. "फोनवर याचे दोस्त याला ढिल्ला म्हनतान. ही काय पदवी हाय का रं?"

राजरत्नचा घास हातातच राहिला.

गेल्या वर्षी डोंगरावरच्या चौकीत, भर दुपारी, पहाऱ्यावर त्याचा डोळा लागला होता. सुभेदारसाब अचानक चढून आले. "किसकी ड्यूटी है?" मैत्रेयीचे दिवस भरत आलेले, रजा मंजूर झालेली. राजरत्नची जीभ उचलेना. धर्मेशच पुढे झाला. "मेरी, साब."

त्याला पिट्टूची शिक्षा मिळाली. पाठीवर दगडांची पिशवी घेऊन चढावर धावायचं. सातव्या फेरीला तो घसरला आणि गुडघा कामातून गेला. हॉस्पिटलमधून काठी टेकत परतला, तेव्हा लंगरमध्ये जेवणाच्या रांगेत कुणीतरी ओरडलं, "आला ढिल्ला!" सगळे हसले. राजरत्नही हसला होता.

"काका," तो खाली मान घालून म्हणाला, "ढिल्ला म्हणजे कामचुकार. पण झोपलो मी होतो. हा नाही."

काशीकाकूंचा हात टोपल्यावरच थांबला.

"कोणी सांगितलं तुला बोलायला?" धर्मेश कडाडला. "मी कधी तोंड उघडलं का? तुझं मन हलकं झालं. आता या दोघांनी रोज तेच घेऊन बसायचं?"

राजरत्नला हे सुचलंच नव्हतं. इथेही त्याने आपलंच बघितलं होतं.

हरिचंद्र रिक्षापर्यंत सोडायला आले. रिक्षा सुरू झाली तेव्हा दांडीला हात लावून म्हणाले, "पुन्हा ये. पन आधी त्याला इचार, येऊ का म्हनून."

राजरत्नला त्यांच्याकडे बघवलं नाही. त्याने नुसती मान हलवली.