तिकोन्याची तारीख

"अब्बा, हे नाव विचारतंय."

इब्राहिमभाईंनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. "कुनाचं? माजं?"

"तुमचं नाही, त्याचं स्वतःचं. या कॉम्प्युटरला काय म्हणायचं?"

"तिकोना," ते म्हणाले. सकाळपासून न अडखळता दिलेलं त्यांचं हे पहिलंच उत्तर.

इब्राहिमभाई तळेगावच्या एका पंप कारखान्यात ड्रॉइंग खात्यात होते. तिथल्या कॉम्प्युटरना आसपासच्या किल्ल्यांची नावं दिलेली होती आणि तिकोना त्यांच्या टेबलावर असे. जुनी यंत्रं भंगारात निघाली, तेव्हा त्यांनी तो बिस्किटी रंगाचा जड खोका टेम्पोत घालून लोणावळ्याला घरी आणला. पुढे त्याची आतली डिस्क गेली, आणि त्यांच्या बायकोने, जैतुनबीने, त्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या. मध्यंतरी भाचा इरफान याने नवी डिस्क बसवून त्यात हल्लीची कुठलीशी फुकटातली सिस्टिम घातली होती. इब्राहिमभाईंनी माऊस जरा इकडेतिकडे फिरवला, "हे माजं न्हाई," म्हणाले आणि उठून गेले.

तो हट्ट नव्हता. त्यांना विसरायचा आजार जडला होता. डॉक्टर म्हणाले होते की ते चुकले तर त्यांना खरं काय ते सांगत जा, आणि हाताला सवयीचं काम द्या. लेक हुमेरा जवळच्याच औंढे गावातल्या शाळेत शिक्षिका. तिने घरातच एक छोटा फळा टांगला. रोज सकाळी वर्गात लिहितो तसं त्यावर वार, तारीख, साल लिहायचं आणि अब्बांकडून वाचून घ्यायचं. ते नीट वाचत. दुपारपर्यंत त्यांच्या डोक्यातून सगळं पुसलेलं असे.

मागच्या आठवड्यात तिने स्वयंपाकघरातून त्यांचा दबका आवाज ऐकला होता. ते जैतुनबीला विचारत होते, "ही पोरगी कुनाची गं? रोज येती हितं."

त्या दिवसापासून ती तिकोन्याच्या मागे लागली होती. मूळ सिस्टिमच्या जुन्या सीडी कपाटात होत्याच; त्या वाचणारा तसाच जुना सीडी ड्राइव्ह इरफानने कुठून तरी पैदा केला. तिकोना पूर्वीसारखा सुरू झाला तर अब्बाही त्याच्याबरोबर परत येतील आणि तिला ओळखतील, असं तिला वाटत होतं. हे ती कुणाला बोलली नव्हती.

"आता तारीख विचारतंय. फळ्यावरची वाचा बरं."

त्यांनी सावकाश वाचली, तिने टाकली.

"त्याला तारीख ठावं न्हाई व्हय?" जैतुनबीने दारातून विचारलं.

"आतला सेल गेलाय, अम्मी. बंद केलं की विसरतं."

"मग जोडी बरी जमलीय," जैतुनबी म्हणाली. "आन् आवाज तर मिक्सरपरास लय. चटनी तरी वाटून दे म्हनावं."

इब्राहिमभाई हसले. कशाला हसलो हे त्यांना कळलं नसावं, पण हसले.

सीडी घरघरत राहिली. यंत्र विचारी, हुमेरा पहिलीच्या मुलांना सांगावं तसा प्रश्न सोपा करून सांगे. ते कधी मान हलवत, कधी भलतंच बोलत. एकदा त्यांनी विचारलं, "सायेब आले का?" ती म्हणाली, "साहेब नाहीत इथे, अब्बा. आपण घरी आहोत."

दुपार कलली तेव्हा सिस्टिम बसली आणि पाठोपाठ ड्रॉइंगचा प्रोग्रॅमही. हुमेराने तो उघडला, तर चौकट आली: परवान्याची मुदत संपली आहे.

तिने इरफानला फोन लावला. "ताई, ती मुदत वाढवून देणारंच आता कुणी राहिलं नाही," तो म्हणाला. "सोड आता."

ती फोन हातात धरून बसून राहिली. तेवढ्यात शेजारून आवाज आला, अगदी स्वच्छ.

"आजची तारीख कशाला सांगितली त्याला?"

"म्हणजे?"

"सायेब मुदत वाढवायला इसरायचा. मग आमी तारीखच मागं सारायचो. अठ्ठ्यान्नव टाक."

हुमेराने फळ्याकडे पाहिलं. साल तिच्याच अक्षरातलं होतं, कालही तिनेच लिहिलं होतं आणि परवाही. मग तिने तिकोन्याला सांगितलं की हे अठ्ठ्याण्णव साल आहे. त्याने मुकाट्याने मानलं, आणि ड्रॉइंगचा काळा पडदा उघडला.

इब्राहिमभाईंनी खुर्ची पुढे ओढली. पाठ ताठ झाली. एक वर्तुळ आलं, त्यातून मध्यरेषा गेल्या. हात कुठेच थबकत नव्हता. "हे बगा," ते म्हणाले, "पानी हितनं आत येतं. फिरतं, फिरतं, आन् असं वर जातं. आलं का ध्यानात?"

"आलं," हुमेरा म्हणाली. एका वर्तुळाचं पंपाचं बाहेरचं कवच होताना ती पाहत होती.

काही वेळाने त्यांनी माऊस बाजूला ठेवला आणि पायाने चपला चाचपायला लागले. "बास आता, बाई. आमच्या हुमेराला शाळंतनं आनायचीय."

"अब्बा, मीच..."

त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासूनचा गोंधळ राहिला नव्हता. तो आता सगळा तिच्याकडे आला होता. खरं सांगायचं, असं डॉक्टर म्हणाले होते. पण कुठल्या सालातलं?

"ती मैत्रिणींबरोबर येईल," ती म्हणाली. "तुम्ही हे पुरं करा."

"व्हय?"

"व्हय."

ते परत बसले. "लय गुनाची हाय पोरगी. तुमच्याच शाळंत हाय न्हवं?"

"माझ्याच वर्गात आहे."

"मग काळजी न्हाई," ते म्हणाले आणि पुढची रेष ओढू लागले.

जैतुनबी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. हुमेरा उठून फळ्यापाशी गेली. ओढणीच्या टोकाने तिने साल तेवढं पुसलं. वार आणि तारीख राहू दिली.