मागचे टाके

"हे दोन माणसांचं काम आहे ना?" मेकॅनिक टेरीनं गाडीखालून विचारलं.

एमओटीसाठी, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीसाठी, आमची लाल गाडी त्यानं लिफ्टवर डोक्याच्या वर चढवली होती आणि हातात टॉर्च घेऊन तो तिचा लोखंडी सांगाडा बघत होता. मी कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर डोक्याला स्कार्फ बांधून बसले होते. गाडीला छप्पर नाही आणि वॉटफर्डचा मार्चमधला वारा, घरापासून इथपर्यंत येताना माझे कान बधिर झाले होते.

"दोन माणसांचं?" ह्यांनी विचारलं.

"पुढचा अर्धा भाग ज्यानं वेल्ड केलाय त्याला मी सोमवारी कामावर ठेवीन. लव्हली जॉब. पण मागचा ज्यानं केलाय त्याच्या हातात पुन्हा वेल्डिंग गन देऊ नका. एका मोठ्या खड्ड्यात मागचं चाक निखळून जाईल. सॉरी, पण एमओटी फेल."

मला हसूच आलं. पाच वर्षांत त्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. शेजाऱ्यांनी नुसता बोल्ट उचलून पाहिला तरी ह्यांच्या कपाळावर आठी यायची. आणि ह्यांच्या वेल्डिंगला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. खडकीच्या वर्कशॉपमध्ये शिकलेले आणि १९६८पासून इथल्या फॅक्टरीत कितीतरी वर्षं वेल्डिंग केलेले सुखदेवराव आता टेरीची कशी कानउघाडणी करतात ते बघायला मी सरसावून बसले.

"माझा एक मित्र यायचा मदतीला," हे म्हणाले. "मागचं त्यानं केलंय."

"मग मित्राला म्हणावं, तू आपला चहा करत जा."

"सांगतो," हे म्हणाले आणि टेरीबरोबर हसले.

माझं हसू तोंडावरच राहिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्यासमोर पहिल्यांदा खोटं बोलला होता आणि तेही इतक्या सहज. मी उठले आणि सरळ गाडीखाली गेले.

गाड्यांमधलं मला काही कळत नाही. अठ्ठ्याऐंशी साली ह्यांनी एका मासिकातून गाडीचा नकाशा आणला आणि गॅरेजात एक मोडकी कॉर्टिना गाडी आणून टाकली, तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते. तिचं इंजिन काढलं, चाकं काढली, चौकोनी नळ्या कापून हा सांगाडा घरीच जोडला. फायबरग्लासची बॉडी लॉरीतून आली तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, बाथरूम नवीन करताय का? आमच्या मंडळात तर लोक म्हणायचे, सुखदेवराव, इथं गाड्या विकतसुद्धा मिळतात हो. हे नुसते हसायचे. शेवटी सीटची कव्हरं मीच शिवून दिली.

कारण शिवण मात्र मला कळते. एका ड्रायक्लीनरकडे मी चौदा वर्षं लोकांच्या पँटी आखूड करतेय. टाका बघून मी सांगू शकते की काम कुणाच्या हातचं आहे, तो माणूस घाईत होता की निवांत.

टेरीनं टॉर्च धरला. पुढचे जोड एकसारखे, मशीनवर घातल्यासारखे. सीटच्या खालपासून ते बदलत गेले होते, एकदम नाही, हळूहळू. आधी जरा वाकडे, मग तुटक, आणि अगदी मागे तर लोखंडाचे नुसते गोळे, जोडाच्या बाजूलाच पडलेले. पण प्रत्येक ओळ संपली की शेवटी बोटभर मागं येऊन थांबलेली होती. पुढंही तशीच आणि मागंही तशीच. अशी मागं येऊन ओळ बंद करायची ह्यांची सवय मी गॅरेजच्या दारातून कितीतरी वेळा पाहिलेली. माणूस एकच होता.

मी लिफ्टचा खांब धरला.

"यू ऑलराइट, लव्ह?" टेरीनं विचारलं.

"थंडी वाजतेय," मी म्हणाले. म्हणजे मीही खोटं बोलायला लागले.

गाडी तशी रस्त्यावर नेऊ नका, शनिवारपर्यंत इथंच राहू दे, असं टेरी म्हणाला. आम्ही बसनं निघालो. हे खिडकीशी बसले होते, उजवा हात कोटाच्या खिशात. मी खिशाकडे बघत होते. बाहेरून काही दिसत नव्हतं, पण आत हात हलत होता. दोन हिवाळे मी म्हणत होते, हातमोजे घाला, खिशात हात घालून चालू नका, पडाल.

"कधीपासून?" मी विचारलं.

ह्यांनी कसलं, काय, असं काही विचारलं नाही. "दोन वर्षं झाली."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"हो. पार्किन्सन्स म्हणाले. गोळ्या चालू आहेत. कामावरच्या लॉकरमध्ये ठेवतो."

बसमध्ये माणसं चढत होती, उतरत होती. मला काहीतरी बोलायचं होतं आणि तोंडातून भलतंच आलं. "पण तुम्हाला स्टोअरमध्ये प्रमोशन मिळालं होतं ना?"

"प्रमोशन नव्हतं गं. वेल्डिंग जमेना म्हणून मीच स्टोअर मागून घेतलं."

"मी पेढे वाटले हो. सगळ्या मंडळात."

"पेढे छान झाले होते," हे म्हणाले.

मला इतका राग आला की रडूही येईना. आणि मग बसच्या त्या सीटवर एकेक गोष्ट आठवायला लागली. मागच्या चौदा एप्रिलला हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोपुढची मेणबत्ती ह्यांनी लावली नाही. दरवर्षी हेच लावायचे. त्या दिवशी आमच्या रश्मीला पुढं केलं आणि म्हणाले, आता तरुणांनी पुढं यायला पाहिजे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आणि चहा. वर्षभर रोज सकाळी, "लता, अर्धाच कप दे." मला वाटायचं, साखर कमी करतायत, वजनाला बरं. आजच सकाळी मी मुद्दाम कप काठोकाठ भरला होता आणि म्हटलं होतं, आज मोठा दिवस आहे, आज तरी कंजुषी नको. हे कपाकडे बघत राहिले आणि म्हणाले, नको, उशीर होतोय. तो चहा तसाच टेबलावर राहिला होता.

"मला सांगायचं नाही का?" मी म्हणाले.

"गाडी झाली की सांगणार होतो." हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जमेल असं वाटत होतं, लता. सकाळी सकाळी हात जरा स्थिर असतो. ही एक गाडी तरी माझ्या हातानं पुरी व्हायला पाहिजे होती. शेवटचं काम म्हणून लोकांनी हेच बघितलं असतं."

संध्याकाळी रश्मीचा मँचेस्टरहून फोन आला. ती तिथल्या युनिव्हर्सिटीत आहे; इथंच वाढलेली, मराठी जरा मोडकं. "आई, बाबाचा कार पास झाला का?" मी फोन ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी डाव्या हातानं फोन घेतला. "नाही गं, थोडं राहिलंय. तू एक्झामचं बघ."

तो आठवडा हे गॅरेजात गेले नाहीत. मी रोज अर्धा कप चहा करायचे आणि ह्यांच्यापुढे ठेवायचे. दुसऱ्याच्या पँटीचा एक टाका हुकला तर मला लांबून दिसतो. आणि माझ्या घरातला माणूस दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर उसवत होता, ते मला दिसलं नाही. ह्या विचारानं मी दुकानात मशीन चालू ठेवून नुसती बसून राहायचे.

शनिवारी सकाळी हे दाढी करून, कोट घालून तयार झाले. शर्टाची वरची बटणं उघडी होती. माझ्यापुढे येऊन उभे राहिले. मी बटणं लावली. पहिल्यांदाच.

टेरी ऑफिसात केटल लावत होता. आम्हाला बघून म्हणाला, "मागचा भाग कापून मी नवीन करून देऊ शकतो. सांगाडा चांगला आहे, वाया घालवू नका. मग, सांगितलंत की नाही तुमच्या मित्राला?"

"सांगितलं," हे म्हणाले. "मित्र वगैरे कुणी नाही. मागचं मीच केलंय. पुढचंही मीच केलंय."

आणि ह्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि टेरीच्या समोर तसाच धरला. दिव्याखाली. तो हात इतक्या उजेडात मी पहिल्यांदाच पाहत होते. अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासली जात होती, थांबत नव्हती. मला वाटलं पुढं होऊन तो झाकावा. मी पर्स घट्ट धरून जागेवरच उभी राहिले.

टेरी त्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं स्वतःचा हात फडक्याला पुसला, ह्यांचा हात हातात घेतला आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला.

"तुमच्या पुढच्या भागासारखं काम माझ्याच्यानं होणार नाही, मिस्टर सुखदेव," तो म्हणाला. "पण मजबूत होईल. तुम्ही शेजारी उभे राहून सांगाल?"

"सांगीन," हे म्हणाले.

टेरीनं तीन मग मांडले आणि चहा ओतला. माझा भरला, स्वतःचा भरला. तिसराही भरला, आणि उचलताना थांबला. वळून त्यातला अर्धा चहा त्यानं सिंकमध्ये ओतून दिला आणि अर्धा मग ह्यांच्यापुढे ठेवला. कुणी काही सांगितलं नव्हतं.

ह्यांनी दोन्ही हातांनी तो मग उचलला आणि गाडीकडे बघत चहा प्यायला. एक थेंबही सांडला नाही.