तुम्ही गाडी लावून या

एकाच दिवसात समुद्र दाखवायचा आणि द्राक्षमळेही दाखवायचे, अशी ती सहल होती. सकाळी शहरातून निघायचं, दुपारपर्यंत किनाऱ्यावरच्या गावात लोकांना मोकळं सोडायचं, परतताना वाईन करणाऱ्यांच्या मळ्यात थांबायचं आणि दिवेलागणीला जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं. लोक दमलेले असत, त्यांना एक दिवस आराम हवा असे. गाडी ड्रायव्हर चालवी आणि तोंड रेडिओ चालवी.

रेडिओ म्हणजे गाइड. हे नाव ड्रायव्हरच्या बायकोने ठेवलं होतं. गाइड पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला आला तेव्हा घास हातात तसाच धरून बोलत राहिला. तिने बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग नवऱ्याला विचारलं, "अहो, ह्याचं बटण कुठे आहे?" गाइड इतका हसला की त्याला ठसका लागला. तेव्हापासून तो रेडिओ झाला, आणि ती त्याची वहिनी झाली. आठवड्यातून एकदा तरी तो जेवायला असेच. त्याचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांशी बोलायलासुद्धा वहिनीच गेली होती.

ड्रायव्हरचं उलट. दिवसभरात त्याच्या तोंडून दोनच वाक्यं निघत. पायरी सांभाळा, आणि सामान विसरू नका. पण घरी गेलं की बायको हातातलं काम बाजूला ठेवून समोर बसे आणि विचारी, "आज गाडीत कोण कोण होतं?" मग हा मुका माणूस बोलायला लागे. टोपी उडाली म्हणून गाडी थांबवायला लावणारे काका, वाईनचा एक घोट घेऊन इंग्रजी बोलायला लागलेली आजी, भांडण करून वेगवेगळ्या बाकांवर बसलेलं आणि येताना एकमेकांच्या खांद्यावर झोपलेलं जोडपं. तो नकला करी आणि ती हसून हसून डोळे पुशी. त्याच्या नकला तिच्याशिवाय कुणी पाहिल्या नव्हत्या.

मळ्यातली पानं गळायला लागली त्या सुमारास बायको गेली. शेवटचे दिवस दवाखान्यातच गेले. तो रजा काढून तिच्या उशाशी बसून असे. एका संध्याकाळी तिने सवयीने विचारलं, "आज गाडीत कोण कोण होतं?" आज गाडीच काढली नाही असं सांगणं त्याच्या जिवावर आलं. मग तो म्हणाला, "आज तू होतीस. चल, निघूया." आणि पलंगाच्या कडेला बसून त्याने तिला पूर्ण सहल घडवली. पुलावरून नेलं, घाटात खिडकी लावून घ्यायला सांगितलं, समुद्र दाखवला, तिथून परत फिरवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. एका वळणावर ती म्हणाली, "थांबा. मी इथेच उतरते. मी बसते इथे, तुम्ही गाडी लावून या."

त्यानंतर ती बोलली नाही. अंधार पडायच्या आत गेली.

हे त्याने एकाच माणसाला सांगितलं. रेडिओ त्या दिवसांत रोज डबा घेऊन यायचा, जेवण वाढून समोर बसून राहायचा. विशेष म्हणजे गप्प बसायचा. एका दुपारी, घराच्या पायरीवर, ड्रायव्हरच्या तोंडून ते निघून गेलं. रेडिओने गुडघ्यात डोकं घातलं आणि तो लहान मुलासारखा रडला. ड्रायव्हरलाच त्याची पाठ थोपटावी लागली. रेडिओच्या तोंडात तीळ भिजत नाही हे त्याला ठाऊक होतं. पण ती गोष्ट वेगळी आणि ही वेगळी, असं त्याने धरून चाललं. माणूस आपल्यासाठी रडला की त्याला कुलूप लावायला कोण सांगतं?

पुढे तो कामावर परत आला. घरी बसून भिंती अंगावर येत होत्या. आता संध्याकाळी विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून तो गाडीत कोण आहे ते बघेनासा झाला. आरशात नुसती डोकी दिसत.

किनाऱ्यावरच्या गावातले रस्ते अरुंद. लोकांना चौकात उतरवायचं आणि गाडी वर टेकाडावर, बर्फाच्या कारखान्यामागे नेऊन लावायची, हा रिवाज. तिथे ड्रायव्हर काचा पुसे, डबा खाई, जरा डोळा लावी. खाली धक्क्यावर रेडिओ लोकांना काय दाखवतो आणि काय सांगतो, हे इतक्या वर्षांत त्याने एकदाही ऐकलं नव्हतं. त्याला गरजही वाटली नव्हती. स्वयंपाक्याने जेवणाऱ्यांच्या पंगतीत डोकावू नये, तसं.

एका दिवशी लोक समुद्रावरून परत आले. सगळे नेहमीपेक्षा गप्प होते. गुडघे धरून चढणाऱ्या एका म्हाताऱ्या बाई पायरीवर थांबल्या. त्याने हात दिला. त्यांनी तो हात सोडलाच नाही. म्हणाल्या, "भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही गाडी लावून येईपर्यंत ती थांबेल हो. बायका थांबतात."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. कुणीतरी पोटात हात घालून काहीतरी बाहेर काढावं आणि दहा जणांच्या हातांतून फिरवावं, तसं झालं. मागून रेडिओ येत होता, लोकांच्या बाटल्या आणि छत्र्या सांभाळत. "चला दादा, सगळे आले," तो म्हणाला. ड्रायव्हरने गाडी चालू केली.

त्या दिवशी तो काही बोलला नाही. रोजच बोलत नसल्यामुळे रेडिओला त्यात वेगळं काही दिसलं नाही. घरी येऊन त्याने स्वतःची समजूत घालून पाहिली. एकदाच निघालं असेल तोंडून. म्हाताऱ्या बाईंनी खोदून विचारलं असेल. पण मग त्याला आठवलं की गेले कित्येक दिवस उतरताना लोक त्याच्याकडे बघून मान हलवतात. एका मुलीने त्याला चॉकलेट दिलं होतं. एका माणसाने उगाच खांद्यावर हात ठेवला होता. त्याला वाटलं होतं, यंदा लोक चांगले येतायत.

पुढच्या खेपेला त्याने लोकांना चौकात उतरवलं, गाडी टेकाडावर नेऊन लावली, किल्ली खिशात टाकली आणि तो खाली चालत निघाला. तो एवढंच ठरवून निघाला होता की मागे जाऊन उभं राहायचं. त्याच्यासमोर रेडिओ ते बोलू धजणार नाही. धजला नाही तर विषय मिटला. मग वर काढायचाही नाही.

धक्क्याच्या टोकाला एक लाकडी बाक होता. बाकावर कुणी कुणी ठेवलेली सुकलेली फुलं होती. लोक अर्धगोल करून उभे होते आणि मध्ये रेडिओ, एक हात बाकाच्या पाठीवर ठेवून. ड्रायव्हर सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

रेडिओ सांगत होता की तिला समुद्राचं वेड होतं. तरुणपणी दोघं ह्याच बाकावर येऊन बसायची, तिचे पाय पाण्याला टेकायचे. ड्रायव्हर ऐकत होता. समुद्राचं वेड? ती एकदाच आली होती ह्या सहलीला, गाडी निम्मी रिकामी होती तेव्हा. चपलेत वाळू गेली म्हणून जी वर आली ती गाडीतच पाय वर घेऊन बसली. म्हणाली, लोक एवढ्या लांब ओलं व्हायला येतात होय, घरी नळ नाहीत?

मग रेडिओने दवाखाना आणला. पलंग आणला. आवाज खाली नेला. आणि तेवढ्यात त्याने डोळे वर केले आणि त्याला मागे ड्रायव्हर दिसला.

तो थांबला. बाकावरचा हात त्याने काढून घेतला. लोकांना वाटलं, गहिवरला. ड्रायव्हर त्याच्याकडे बघत राहिला. थांब आता, एवढंच त्या बघण्यात होतं, आणि ते रेडिओला कळलं हेही ड्रायव्हरला दिसलं. इतकी वर्षं एका डब्यातलं खाल्लेली माणसं. डोळ्यांतलं कळायला वेळ लागत नाही.

रेडिओने हात परत बाकावर ठेवला. "आणि ती म्हणाली," त्याने आणखी हळू आवाजात सांगितलं, "मी बसते इथे, तुम्ही गाडी लावून या." मग त्याने तोच हात लोकांच्या डोक्यांवरून ड्रायव्हरच्या दिशेने लांबवला. "मंडळी, आज तो गाडी लावून आलाय."

सगळे वळले. कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि ओशाळून थांबलं. दोघी बायका डोळे पुसत होत्या. लोकांनी वाट करून दिली. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक गृहस्थ फार नम्रपणे म्हणाला, बसा ना काका, जरा बाकावर. ड्रायव्हरने प्रवाशाला कधी नाही म्हटलं नव्हतं. नाही कसं म्हणतात हेच त्याला त्या वेळी सुचेना. तो जाऊन बाकावर बसला, कुणाच्या तरी फुलांच्या शेजारी. फोटो निघाला.

परतीच्या रस्त्याला त्याने गाडी नेहमीसारखीच चालवली. ना एक ब्रेक जोरात, ना एक वळण चुकलं. माइकवर रेडिओ मळ्यांची माहिती देत होता. कुठली द्राक्षं कुठल्या उतारावर, पिंपात किती काळ, चव घेताना नाक कसं आधी घालायचं. लोक पुन्हा हसायला लागले होते.

मळ्यात चव बघायची मोठी खोली पुढच्या बाजूला होती. मागे पत्र्याची शेड, आणि शेडच्या सावलीत द्राक्षांची रिकामी लाकडी खोकी रचलेली. गाडी पुढच्या आवारात लागे. ड्रायव्हर उतरला आणि नेहमीप्रमाणे मागे जाऊन एका पालथ्या खोक्यावर बसला. शेजारी दुसरं खोकं होतं, तेही पालथं.

त्या एकुलत्या एका खेपेला बायको त्या दुसऱ्या खोक्यावर बसली होती. आत जाऊन तिने वाईनचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ती बाहेर आली. ह्यापेक्षा द्राक्षं दिली असती तर खाल्ली तरी असती, म्हणाली. मग दोघांनी तिथे बसून डबा संपवला. समोर बघण्यासारखं काही नव्हतं. एक भिंत, एक नळ, नळाखाली ओली माती. ती त्याच्या खांद्याला टेकून थोडा वेळ झोपली आणि उठून म्हणाली, "ही जागा सगळ्यांत चांगली आहे. इथे आपल्याला कुणी काही दाखवत नाही."

त्या संध्याकाळी दवाखान्यात, पलंगाच्या कडेवरून गाडी हाकताना, समुद्र केव्हाच मागे पडला होता. तो म्हणाला होता, आता मळ्याचं फाटक आलं, आता वळण, आता पत्र्याची शेड दिसायला लागली. तेव्हा ती म्हणाली होती, थांबा.

रेडिओ आतली मंडळी पिंपांपाशी सोडून मागे आला.

"दादा, शिव्या द्या," तो म्हणाला. "पण आधी ऐका. पहिल्या दिवशी मी काही ठरवलं नव्हतं. धक्क्यावर उभा होतो, वहिनी आठवल्या आणि तोंडातून निघालं. मी खरंच रडलो त्या दिवशी."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

रेडिओ पायाने माती उकरत राहिला. "दुसऱ्या दिवशी लोक रडले," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत माझ्या बोलण्यावर लोक नुसते हसलेत, दादा. जांभया दिल्यात. असं गप्प होऊन ऐकलं नव्हतं कुणी."

ड्रायव्हरला वाटलं होतं, हा पायावर लोळण घेईल किंवा उलटून बोलेल. हा खरं बोलत होता, आणि तेच जास्त लागलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार न्यायची कुणाकडे? जिच्याकडे न्यायची तिनेच ह्याला जेवू घातलं होतं.

"मला पाहिल्यावर तरी थांबायचं होतंस."

"थांबलो होतो की."

"मग?"

"सगळे माझ्याकडे बघत होते," रेडिओ म्हणाला.

ड्रायव्हरच्या तोंडून निघालं, बोलायचं नव्हतं तरी निघालं. "ती समुद्रापाशी उतरलीच नव्हती."

रेडिओने मान वर केली. त्याचा चेहरा एकदम जागा झाला. तो चेहरा ड्रायव्हरने आरशात हजारदा पाहिला होता, एखादी नवी माहिती हाती लागली की व्हायचा तसा. "समुद्रापाशी नाही? मग कुठे उतरल्या वहिनी?" असं विचारत तो पुढे आला, आणि दुसऱ्या खोक्यावर बसला.

ऊठ, म्हणायला ड्रायव्हरने जीभ उचलली. पण ऊठ म्हटलं असतं तर त्याला कळलं असतं. त्याला कळलं असतं तर उद्या इथे माणसं अर्धगोल करून उभी राहिली असती, ह्या खोक्यावर सुकलेली फुलं पडली असती. त्याने जीभ दातांखाली धरली. रेडिओ तिच्या जागेवर बसून, गुडघ्यांवर कोपरं टेकून, त्याच्या उत्तराची वाट बघत होता.

"दवाखान्यातून कुणी कुठे उतरत नसतं," ड्रायव्हर म्हणाला. "दवाखान्यातच होती ती."

मग तो उठला आणि पँट झटकून म्हणाला, "चला गाइडसाहेब. माणसं आली असतील बाहेर."

त्याने रेडिओला अहो-जाहो आजवर कधी केलं नव्हतं. रेडिओचं तोंड उतरलं आणि तो उठला. दोघं शेडला वळसा घालून पुढे आले. बाहेर अजून कुणीही आलेलं नव्हतं. आतून प्याल्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. ड्रायव्हर गाडीच्या दाराशी जाऊन उभा राहिला, लोक आले की पायरी सांभाळा म्हणायला.