पोरगी वाचते

खैरुनबाईंनी पुस्तक उघडलं आणि लगेच मिटलं. मग नजरचूक तर नाही ना, म्हणून पुन्हा उघडून पाहिलं. नजरचूक नव्हती. 'नंदीमागचा दरवाजा' या नावाखाली, कोऱ्या जागेत, निळ्या बॉलपेननं ठसठशीत लिहिलेलं होतं: पोरगी वाचते. पान २१२. पुजारी चांगला आहे. पुतण्यापासून सावध.

"घ्या," त्या रिकाम्या वाचनालयाला म्हणाल्या. "झालं."

चिमूरच्या बाजारामागच्या त्या वाचनालयात दुपारी एक ते तीन चिटपाखरू नसायचं. एकोणीस वर्षं ग्रंथपाल असलेल्या खैरुनबाईंचा तेवढाच वेळ स्वतःचा. पंखा आपल्याकडे वळवायचा, डबा खायचा आणि श्रद्धादीप रहस्यमालेतलं एखादं पुस्तक घेऊन बसायचं. या मालेचं सगळं ठरलेलं असे. एक देऊळ, नाहीतर मठ, नाहीतर दर्गा. तिथे चोरी किंवा खून. एक भाविक मुलगी, तिच्यावर संशय घेणारा एक देखणा माणूस, अंधारात मागून येणारी पावलं. शेवटी मुलीची प्रार्थना फळाला येते, गुन्हेगार सापडतो आणि देखणा माणूस तिच्याशी लग्न करतो. लेखकांना माहिती बेतास बात. दर्ग्याच्या पुस्तकात नायिकेनं सूर्यास्तानंतरची मगरिबची नमाज टळटळीत उन्हात पढली, तेव्हा खैरुनबाईंनी प्रकाशकाला दोन पानी पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. तरी त्या वाचत. गुन्हेगार कोण हे शंभराव्या पानाच्या आत ओळखायचं आणि मग आपलं बरोबर निघतं का पाहायचं, हे त्यांचं सुख होतं.

ते सुख कोणीतरी नासवून टाकलं होतं. हे तिसरं पुस्तक.

पहिल्या पुस्तकावर नुसतंच 'पोरगी वाचते' असं होतं. तेव्हा त्यांना वाटलं, कोणा बापानं कौतुकानं लिहिलं असेल, माझी पोरगी पुस्तकं वाचते म्हणून. बरंही वाटलं होतं. एकशे नव्वदाव्या पानावर नायिकेला विहिरीत ढकललं, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की हे वाचणं ते नव्हे.

त्यांनी भिंतीवर कागद लावला: 'पुस्तकात लिहू नये. विशेषतः शेवट लिहू नये.' झेरॉक्सवाले धनराजभाऊ तो वाचून हसले, आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःच तक्रार घेऊन आले.

"बाई, माह्या बायकोनं पुस्तक उघडलंच नाई. म्हणे, आता वाचून काय करू? शोधा ना कोण हाय ते."

खैरुनबाईंनी देवघेवीचं रजिस्टर काढलं. तिन्ही पुस्तकं नेलेला सभासद एकच निघाला. मुखरू कोवे, वनरक्षक, मुक्काम पळसझरी. सहा फूट उंच, जाड मिशांचा, बूट बाहेर काढून आत येणारा. दर शनिवारी दोन कादंबऱ्या नेणारा. सहीतला 'र' आणि पुस्तकातला 'र' एकाच पोटफुग्या वळणाचा.

शनिवारी तो आला तशी त्यांनी तिन्ही पुस्तकं टेबलावर मांडली.

"हे तुमी लिवलं?"

"हो," मुखरू म्हणाला. ना लाज, ना सबब.

"काऊन?"

त्यानं पुस्तकांच्या कडा सारख्या केल्या. "घरी लागते," म्हणाला.

"घरी लागते म्हणजे? वाचनालयाचं पुस्तक हाय का घरची वही? माणूस दोनशे पानं जीव मुठीत धरून वाचते, आन् तुमी पहिल्याच पानावर त्याले सांगून टाकता. बाकीच्यांनी काय वाचाव?"

"बाकीच्यांचं मले नाई सुचलं, म्याडम."

या उत्तरानं तर त्यांचं टाळकंच फिरलं. त्यांनी त्याचं कार्ड मागितलं. त्यानं ते मुकाट्यानं खिशातून काढून दिलं, वाकून नमस्कार केला, बाहेर जाऊन बूट घातले आणि मोटारसायकल सुरू केली. भांडला असता तर बरं झालं असतं, असं खैरुनबाईंना दिवसभर वाटत राहिलं.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दोन पुस्तकं त्याच्याकडेच राहिली होती. फोन लावला की 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. शेवटी सोमवारी, सुटीच्या दिवशी, नवऱ्याला म्हणजे हाफिजभाईंना जेवण वाढून त्या पळसझरीच्या एसटीत बसल्या. हाफिजभाईंनी ताटावरून मान वर करून विचारलं होतं, दोन पुस्तकांसाठी एवढं काय? त्या म्हणाल्या, पुस्तकांसाठी नाही, डोकं उठलं म्हणून.

पिशवीत 'समाधीवरची ओली पावलं' होतं. नवीन पुस्तक आधी सभासदांना आणि मग आपण, हा एकोणीस वर्षांचा नियम त्यांनी या वेळी मोडला होता. गठ्ठा सुटताच पहिलं स्वतःच्या नावावर लिहिलं. कोरं करकरीत पान, त्यावर कोणाची अक्षरं नाहीत. एसटीत त्या एकशे त्रेचाळीस पानापर्यंत पोहोचल्या. वसुंधरा नावाची नायिका समाधीखालच्या भुयारात अडकली होती, आणि खैरुनबाईंचा संशय वैद्यावर होता.

मुखरूचं घर गावाच्या टोकाला. भर दुपारी दार आतून बंद. त्यांनी कडी वाजवली.

"कोण हाय?" आतून बाईचा आवाज.

"वाचनालयातून आली. खैरुन शेख."

"एकटीच हाय का? मांगं कोणी हाय?"

"कोणी नाई, बाई. मांगं शेळी हाय."

थोड्या वेळानं दार उघडलं. विशी-बाविशीची मुलगी, ओढणी उजव्या खांद्यावरून मानेभोवती घट्ट गुंडाळलेली. खैरुनबाई आत आल्याबरोबर तिनं दाराला पुन्हा कडी घातली आणि ती नीट बसली का, हे दोनदा ओढून पाहिलं. खाटेवर वाचनालयाची दोन्ही पुस्तकं होती.

"मी सुकरी," ती म्हणाली. "बाबा ड्युटीवर गेला. माय वावरात हाय. पुस्तकं नेता का?"

"नेतो ना. तुह्या बाबानं माह्या डोक्शाची मंडई केली."

सुकरीनं पाणी दिलं. डाव्या हातानं. उजवा हात कोपरातून पुरता सरळ होत नव्हता. आपलं लक्ष तिकडे गेलेलं तिला कळलं, हे पाहून खैरुनबाई ओशाळल्या.

"चैतात मोहफुलं वेचाले गेलती," सुकरी सांगू लागली, रेशनच्या रांगेबद्दल सांगावं तशी. "सकाळचं. वाकून वेचून राह्यली होती. मागून वाघ आला. खांद्याले धरलं. बाया वरडल्या, टोपले फेकले, मंग सोडलं त्यानं. दोन महिने चंद्रपूरच्या दवाखान्यात होती."

खैरुनबाई पेला हातात धरून खाटेशेजारी बसल्या.

"तिथी एका नर्सबाईनं हे असं पुस्तक देल्लं वाचाले. चांगलं होतं. पर त्यात पोरीच्या मागून पावलं येते ना, तिथीच मी अडकली. पुस्तक फेकलं. मंग रातभर मनात तेच. ते मेली का वाचली? पुढं पाहाची हिंमत नाई आन् पाह्यल्याशिवाय झोप नाई. बाबानं पाह्यलं असन. घरी आल्यावर तो आधी वाचते. त्याले वाचाचा लय कंटाळा, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचते. पर वाचते. आन् लिवून ठेवते."

"मंग तोंडानं सांगाव ना बाबानं."

सुकरीनं मान हलवली. "तोंडानं सांगतलं म्हणजे मी भेली असं होते ना. तो काई बोलत नाई, मी काई विचारत नाई. पुस्तक उघडलं की दिसते."

"चिठ्ठी ठेवाव आत."

"ठेवली होती. कुठीतरी पडली. बाबा तीन दिवस जंगलात, गस्तीवर. तीन दिवस पुस्तक तसंच राह्यलं." ती खाटेवर टेकली. "तुमी कार्ड घेतलं तेव्हापासून हे दोन पडून हाय. त्यात लिवलं नाई त्यानं. म्हणे, म्याडमले शब्द नाई देल्ला, पर समजलं."

खैरुनबाईंना मुखरूचा आता निराळाच राग आला. एवढं सगळं असताना हा माणूस 'घरी लागते' एवढे दोन शब्द बोलून मोकळा झाला होता. आणि आपण कार्ड जप्त करून बसलो होतो. ज्याच्यावर आवाज चढवावा असं समोर कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी पाण्याचा पेला जरा जोरातच खाली ठेवला.

"एक विचारू का?" सुकरी म्हणाली. "तुमी ह्या मालेतले सगळे वाचले?"

"एकतीस."

"त्यात एकही पोरगी अशी हाय का, जे परमेश्वराचं नाव घ्याले विसरली आन् तरी वाचली?"

खैरुनबाईंनी मनातल्या मनात एकतीस पुस्तकं चाळली. मुरलीधराचा धावा करणारी, आईभवानीची शपथ घालणारी, दर्ग्याच्या पायरीवर दुवा मागणारी. "नाई," त्या म्हणाल्या.

"तेच ना. सगळ्यायले बरोबर टायमावर आठवते. मले त आमच्या पेनाचं नाव घ्याले वेळच नाई भेटला." पेन म्हणजे त्यांच्या कुळाचा देव. "मी वाघाले शिव्या देल्ल्या. घाण घाण. मंग घरी आल्यावर आजी म्हणे, पेनानं वाचवलं, पूजा करू. केली. पर मले वाटते, त्यानं काऊन वाचवलं असन? मी त बोलावलंच नव्हतं."

खैरुनबाईंनी आयुष्यात पुष्कळ दुवा मागितल्या होत्या. काही कबूल झाल्या, काही नाही. कोणत्याही पुस्तकातलं उत्तर त्यांना या खाटेशेजारी बसून देववेना.

"बोलावल्यावरच येते, असा देव ह्या लेखकाईचा हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "यायले नमाजचा वखत माहीत नाई, देवाचं काय सांगते."

सुकरी हसली. हसताना खांदा आखडला, तशी थांबली. मग तिचं लक्ष पिशवीतून डोकावणाऱ्या कोऱ्या पुस्तकाकडे गेलं.

"हे नवीन हाय? पोरगी वाचते का?"

"मलेच नाई माहीत. भुयारात पडली हाय सध्या."

"मंग वाचा ना. जोरानं वाचा."

खैरुनबाईंनी चष्मा लावला. तोवरची गोष्ट त्यांनी थोडक्यात सांगितली आणि एकशे त्रेचाळीसपासून वाचायला घेतलं. पावलांचा आवाज आला, तेव्हा सुकरीनं खाटेची कड घट्ट धरली. "थांबा," ती म्हणाली. त्या थांबल्या. सुकरी उठली, दाराची कडी पाहून आली, बसली. "हं." चार ओळी झाल्या की पुन्हा "थांबा." त्या पुन्हा थांबल्या. वाचताना मधे कोणी टोकलं की खैरुनबाईंचं पित्त खवळे, हे वाचनालयात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी आपण किती वेळा थांबलो हे त्यांनी मोजलंही नाही. दोन तासांत अठ्ठावीस पानं झाली. वसुंधरा अजून भुयारातच, दिवा विझत आलेला, आणि बाहेर एसटीचा हॉर्न. चारची गाडी. त्यानंतर गाडी नव्हती.

"पुस्तक ठेवून जा," सुकरी म्हणाली.

"मी पुरं नाई वाचलं, बाई. मले बी पाहाचं हाय."

"मी शिकार झालेली पोरगी हाय," सुकरी अगदी शांतपणे म्हणाली.

खैरुनबाईंनी पुस्तक खाटेवर ठेवलं, जुनी दोन उचलली आणि चरफडत गाडी गाठली. खिडकीशी बसून त्या चिमूर येईपर्यंत वैद्याचा विचार करत होत्या.

शनिवारी मुखरू आला. बूट काढले, पुस्तक टेबलावर ठेवलं. खैरुनबाईंनी आधी पहिलं पान पाहिलं. कोरं होतं.

"तुमी नाई लिवलं?"

"वाचू कुठी देल्लं तिनं." मुखरूच्या आवाजात पहिल्यांदाच कुरकुर होती. "मले हात लावू देल्ला नाई. मंगळवारी एकदा भिंतीवर फेकलं. मंग उचललं. बुधवारी दार उघडं ठेवून वाचत बसली होती, अंगणात. तिची माय म्हणते, जोरजोरानं वाचून राह्यली होती, स्वतःच थांबते म्हणे आन् स्वतःच वाचते. काल संपलं."

"आन्? भुयारातून निघाली का?"

"कोण जाणे. मी विचारलं. म्हणे, बाबा, तू वाच ना." तो मिशीवरून हात फिरवत उभा राहिला. "अडीच महिन्यांत अठरा पुस्तकं वाचली म्या तिच्यासाठी, म्याडम. आन् मले एका पोरीचं सांगत नाई. रात्री झोप नाई आली. माह्या नावावर लिवा ना हे."

खैरुनबाईंनी ड्रॉवरमधून त्याचं कार्ड काढून पुढे सरकवलं. पुस्तकावरचा हात मात्र काढला नाही.

"कार्ड घ्या. पुस्तक नाई भेटत. मी एकशे एकाहत्तरवर हाय."

"तुमी त रोज इथीच हाय. मले दुपारून गस्त हाय, मंग चार दिवस येणं नाई."

"माह्या नावावर हाय ते."

"तुमाले बी झोप नाई लागून राह्यली वाटते," मुखरू म्हणाला.

"कोणं सांगतलं?"

"मलेच दिसून राह्यलं."

धनराजभाऊ पेपर वाचता वाचता थांबून दोघांकडे पाहू लागले होते. खैरुनबाईंनी घड्याळ पाहिलं. साडेदहा झाले होते. त्यांना शिक्के मारायचे होते, गावोगावच्या शाळांच्या पेट्या भरायच्या होत्या, कामाचा ढीग पडला होता. चार दिवस जंगलात हा माणूस भुयारातली पोरगी डोक्यात घेऊन फिरणार, हेही त्यांना दिसत होतं.

"बारापर्यंत," त्या म्हणाल्या. "इथीच, खुर्चीवर बसून. घरी न्याचं नाई. आन् तोंडातून एक शब्द काढाचा नाई."

मुखरू खिडकीजवळच्या खुर्चीत बसला, थेट एकशे एकाहत्तरावं पान काढलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. त्याच्या त्या चालीनं बारापर्यंत त्याची चाळीस पानं झाली असती तरी पुष्कळ. खैरुनबाईंनी शिक्का उचलला. दोन पुस्तकांवर मारला आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या भुवया वर गेल्या होत्या. काय वाचलं असेल यानं? त्या पुन्हा शिक्क्याकडे वळल्या. पुन्हा पाहिलं. तो आता पान उलटायचंच विसरला होता.

त्यांनी खुर्ची उचलली आणि तोंड भिंतीकडे करून बसल्या.