मैनाचं शेलापागोटं

नववीने दहावीला निरोप द्यायचा, ही रीत कोणी पाडली देव जाणे. पण ज्या कोणी पाडली त्याला नववीत एकच मुलगी असेल असं स्वप्नातही वाटलं नसणार. गेल्या वर्षी मैनाच्या शाळेत नेमकं तसंच झालं. दहावीत तिघं, आणि त्यांना निरोप देणारी नववी म्हणजे एकटी मैना. दाराला आंब्याचे डहाळे तिनेच बांधले, फळ्यावर रंगीत खडूने 'निरोप समारंभ' तिनेच लिहिलं, सतरंजी तिनेच झटकली. मग प्रास्ताविकही तिचं आणि आभारही तिचेच. 'आम्हा नववीच्या सर्व विद्यार्थ्यांतर्फे' असं ती म्हणाली, तेव्हा दातार सरसुद्धा मान खाली घालून हसले.

शाळा बोर्ली पंचतनपासून आत, डोंगराच्या अंगाला. एके काळी इथे दहावीच्या दोन तुकड्या होत्या म्हणे. हल्ली निम्म्या घरांना कुलपं. कोणी नवी मुंबईला, कोणी रोह्याच्या कंपन्यांत. जे गावात राहिले तेही पोरांना पिवळ्या व्हॅनमध्ये कोंबून बोर्लीच्या इंग्रजी शाळेत धाडतात. मैनाच्या मागचे आठवी, सातवी आणि सहावीचे वर्ग साफ रिकामे होते. पाचवीत काय ती थोडी चिल्लीपिल्ली. त्यामुळे नववी आणि दहावी एकाच खोलीत बसायची. मैना नावाला नववीत, पण बसायची, भांडायची, डबा खायची ती दहावीच्या तिघांत.

निरोपाच्या दिवशी सगळे वाट बघतात ते शेलापागोट्यांची. शहरातल्या शाळांत त्यांना फिशपॉन्ड म्हणतात, पण दातार सरांना तो शब्द खपत नाही. सर समुद्राकडच्या गावातले, नारळी-सुपारीच्या वाडीत वाढलेले, आणि शब्दांच्या बाबतीत कमालीचे सोवळे. बुटांच्या खोक्याला सोनेरी कागद डकवून केलेली एक पेटी शाळेत वर्षानुवर्षं आहे. त्या पेटीत नववीने निनावी चिठ्ठ्या टाकायच्या. दहावीतला कोण पुढे काय दिवे लावणार, याची थट्टेची भाकितं. सर एकेक चिठ्ठी वाचणार. ज्याच्यावर असेल त्याने उभं राहायचं आणि सगळ्यांत मोठ्याने हसायचं. कोणी लिहिलं, हे मात्र विचारायचं नाही.

आता एकटीने लिहिलेल्या चिठ्ठ्या निनावी राहणार कशा? पण सर रीत मोडणारे नव्हेत. त्यांनी पेटी गदागदा हलवली, चिठ्ठी उलगडली, चष्मा वर केला, खाली केला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "अक्षर ओळखीचं वाटत नाही ब्वा. कोणी लिहिलंय काही कळत नाही."

सगळ्या खोलीत हशा उसळला. मैना तोंडावर ओढणी धरून हसत होती.

पहिलं शेलापागोटं सुजितवर होतं. सुजित प्रार्थनेतसुद्धा उभ्या उभ्या झोपायचा. "सुजित जहाजाचा कॅप्टन होणार. झोपेत जहाज भलतीकडे वळवणार. डोळे उघडून बघतो तर काय, जहाज आपल्याच खाडीच्या गाळात रुतलेलं! मग घरी जाऊन जेवणार." दुसरं स्वराजवर. तो दिवसभर टेनिसच्या बॉलने क्रिकेट खेळायचा. "स्वराज मोठ्या मॅचमध्ये असा सिक्स मारणार की बॉल थेट आपल्या शाळेच्या कौलांवर येऊन पडणार. दुसरा बॉल मिळणार नाही म्हणून शोधायला त्यालाच यावं लागणार." आणि तिसरं नूतनवर. नूतनचे केस कमरेखाली जायचे आणि तिला त्याचा केवढा तोरा. "नूतन मुंबईला ब्युटी पार्लर काढणार. पण तिकडच्या पाण्याने केस गळतात, म्हणून रोज हंडा घेऊन आपल्या विहिरीवर येणार."

हसून हसून पाचवीची पोरं सतरंजीवर आडवी झाली. हसू ओसरल्यावर सुजितच म्हणाला, "ए मैने, तू आमाला कुठं जाऊच दिलं न्हाईस की गं! फिरून फिरून सगळी गावातच!"

पुन्हा हशा पिकला. मैनाही हसली, पण तिचे कान तापले. तिने असं काही ठरवून लिहिलंच नव्हतं. गंमत लिहायला बसली आणि तिघंही आपापल्या वाटेने परत आली. आपल्या पोटातलं सगळ्यांसमोर वाचलं गेलं, असं तिला वाटलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

नंतर मैना आणि नूतन नळावर मिसळीच्या ताटल्या घासत होत्या. तेव्हा नूतनने सांगितलं.

"मी कळंबोलीला चाललेय. मामाकडं. अकरावी तिकडंच करायची."

"बोर्लीला कालेज हाय की. सांजच्या गाडीनं घरी येशील."

"मामानं सगळं ठरवलंय गं."

मैना ताटली घासत राहिली. ती ताटली कधीच स्वच्छ झाली होती. मग ती हसत म्हणाली, "जा की. पन पुढल्या वर्साला माझं शेलापागोटं कोन लिवनार? माझ्या मागं नववीच न्हाय."

"मी लिवनार!" नूतनने ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "मी येनार त्या दिवशी. असं लिवीन की सर वाचता वाचता पडतील. माझ्या हातानं पेटीत टाकीन. आईची शपथ."

मैनाने ती शपथ मनाशी घट्ट बांधून ठेवली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मैना दहावीत एकटी. बाप रोह्याच्या कंपनीत, रविवारचा येणारा. तो म्हणाला, बोर्लीला नाव घालू. पण आई म्हणाली, "एकच वरीस ऱ्हायलं, आता कशाला दाखला काढायचा?" खरं सांगायचं तर मैनालाच त्या खोलीतून हलायचं नव्हतं. तिघांच्या नंतर आपणही गेलो तर ती खोली कायमची बंद होईल, अशी तिला भीती होती.

सर वर्गात आले की सवयीने म्हणायचे, "मुलांनो." मग थांबायचे आणि म्हणायचे, "हां, मैना." हजेरी घ्यायचेच. नाव पुकारायचे आणि मैना म्हणायची, "हजर." फळा पुसायची पाळी रोज तिची. चाचणीत ती वर्गात पहिली यायची आणि शेवटचीही. पट्टी विसरली तर मागायची कुणाकडे? सगळ्यांत वाईट म्हणजे गंमत सुचायची. सर फळ्याकडे वळले की त्यांच्या शर्टाच्या पाठीवर खडूचा पंजा दिसायचा. मैना चटकन बाजूला वळायची, कुणाला तरी कोपर मारायला, आणि बाजूला बाक असायचा. पोरीला एकटेपण कळलं ते तिथे.

नूतनचे फोन आधी रोज यायचे, मग रविवारी. गावात रेंज फक्त एसटीच्या थांब्यावर, म्हणून मैना तिथे जाऊन बसायची. दिवाळीत नूतनचे आईबापच कळंबोलीला गेले आणि घराला कुलूप पडलं. सुजित कुठल्याशा आयटीआयला होता, स्वराजचा नंबर बदलला होता. पण निरोपाच्या आधीच्या आठवड्यात मैनाने विचारलं, "येतेस ना?" आणि नूतनचं उत्तर आलं, "येणार म्हणजे येणार!" पुढे लाल बदामांची रांग. मैनाने तो मेसेज आईला दाखवला, सरांना दाखवला, पाचवीतून सहावीत गेलेल्या पोरांनाही दाखवला. "माझी मैत्रीन येनार हाय, बघाच तुमी."

या वर्षी निरोप देणार होती ती सहावीची पोरं. आभाराचं भाषण त्यांना झेपणार नव्हतं, म्हणून स्वतःच्याच निरोपाचे आभार मानायचं कामही मैनाकडे आलं. तिने ते एका कागदावर छान अक्षरात उतरवलं. अगदी शेवटी लिहिलं, 'आणि खास कळंबोलीहून वेळ काढून आलेल्या माझ्या मैत्रिणीचे, नूतनचे, मनापासून आभार.'

त्या दिवशी मैना अबोलीचा गजरा माळून, भाषणाचा कागद हातात धरून थांब्यावर उभी राहिली. बोर्लीची गाडी आली. कांद्याचं पोतं घेऊन एक म्हातारा उतरला, दोन बायका उतरल्या. त्यांच्यामागे कंडक्टरबाई पाण्याची बाटली घेऊन उतरली. मैनाने खिडकी न खिडकी बघितली, आत चढून मागच्या सीटपर्यंत जाऊन आली. नूतन नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. 'सॉरी यार, क्लासची टेस्ट आली मध्येच. व्हिडिओ पाठव ना प्लीज. आणि शेलापागोट्यात माझ्याकडून काहीतरी टाक हां. तुला जमतं तसलं.' पुढे लोळून लोळून हसणारी दोन तोंडं.

मैनाने ते वाचलं. परत वाचलं. रागावावं असंही त्यात काही नव्हतं. नूतन खोटारडी नव्हती, तिला तिकडे रोज नवं काही होतं, इतकंच. इथे मात्र मैनाने वर्षभर एकच दिवस धरून ठेवला होता, आणि तो असा आला.

गाडी बोर्लीला परत फिरायची होती. एक बाई घाईघाईने जायचं तिकीट मागत होती आणि कंडक्टरबाई हातातलं यंत्र आपटत सांगत होती, "मशीन बंद हाय, मावशी. थांबा जरा. त्याला काय मी करू?"

मैना पुढे झाली. "ताई, पेन देता का जरा?"

"परत आन बाय, एकच हाय माझ्याकडं."

भाषणाच्या शेवटच्या ओळीचं आता काही काम नव्हतं. मैनाने कागदाची खालची पट्टी फाडली, ओळीची बाजू खाली केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर भराभरा लिहिलं. पेन परत दिलं. शाळेत येऊन, कोणी बघत नाहीसं पाहून पट्टी पेटीत टाकली.

समारंभ झाला. सरांनी पेटी गदागदा हलवली. सहावीच्या पोरांना त्यांनी बजावून सांगितलं होतं, ताईची थट्टा करा. पण ताईची थट्टा करायची त्यांची काय बिशाद! एकाने लिहिलं होतं, 'मैनाताईस परीक्षेसाठी शुभेच्छा.' दुसऱ्यानेही तेच. तिसऱ्याने लिहिलं होतं, 'मैनाताई नेहमी वर्गात पहिली येते.' त्यावर सर हसले, मैनाही हसली, आणि लिहिणारा बिचारा गोंधळला.

मग सरांच्या हाती ती पट्टी लागली. त्यांनी ती उलगडली. वर्षभर त्यांनी दहावीची एकच वही तपासली होती. चष्मा त्यांनी वर केला, खाली केला, मग काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. पोरं वाट बघत होती.

"अक्षर ओळखीचं वाटत नाही ब्वा," सर म्हणाले. "कोणी लिहिलंय काही कळत नाही."

पोरांनी टाळ्या पिटल्या. आता खरी गंमत येणार, हे त्यांना उमगलं होतं.

"मैना मोठी होऊन आपल्या गावच्या मुक्कामी गाडीची कंडक्टर होणार," सर वाचू लागले. मैना उभी राहिली. उभं राहायचं हीच रीत. "नूतन, सुजित, स्वराज जगात कुठेही असोत, तिथून त्यांना गाडीत घालून आणणार. यायचं तिकीट टकाटक फाडणार. आणि जायचं तिकीट मागितलं, की म्हणणार, मशीन बंद हाय!"

पोरं सतरंजीवर आडवी झाली, गेल्या वर्षीसारखीच. सरांनी पट्टी नाकासमोर धरली होती, त्यामुळे तिची मागची बाजू मैनाकडे होती. तिथे तिची स्वतःची ओळ होती. खास कळंबोलीहून वेळ काढून आलेल्या माझ्या मैत्रिणीचे. मैना ती ओळ वाचत होती आणि सगळ्यांत मोठ्याने हसत होती. पोरांचं हसू थांबलं तरी तिचं थांबेना, आणि मग गालांवरून पाणी कधी आलं ते तिलाही कळलं नाही. पुढचा एक पोरगा म्हणाला, "ताई, मला पुढची सीट देशील?" ती म्हणाली, "देईन की."

सरांनी पट्टी घडी करून पेटीत न टाकता खिशात ठेवली. "आता आभार," ते हळूच म्हणाले.

मैनाने डोळे पुसले आणि ताठ उभी राहून सगळ्यांचे आभार मानले. सरांचे मानले, शिपाईकाकांचे मानले, सहावीच्या पोरांचे एकेकाचं नाव घेऊन मानले. कागद फाटला होता तिथे येऊन ती थांबली. शेवटची ओळ तिला पाठ होती. ती न म्हणताच मैना खाली बसली.